रुमालाखालचा अंगठा

मु. उमरावती
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८६

तीर्थरूप खुशालराव मामांच्या पायी भाचा देवीदासाचा नमस्कार. आपला दमा कसा आहे? मामींचे गुडघे, कपिला गाय, सर्वांची खुशाली कळवावी. मीही खुशाल आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढे वाचलेत की ते खोटे असल्याचे कळेलच.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून इथे कापसाला असा भाव आला आहे की ज्याला सरकी आणि शेंगदाणा यांतला फरक कळत नाही, तोही दलाल झाला आहे. मी मात्र वीस वर्षे अंगठ्याने धागा ओढून कापूस पारखत आलो, आणि नेमक्या त्या अंगठ्यानेच दगा दिला. दसऱ्यापासून तो वाकला की वाकलेलाच राही. दुसऱ्या हाताने ओढला की टक् करून सुटे आणि माझ्या डोळ्यांत पाणी येई. (दिवाळीत आपल्याला द्यायचा विडा माझ्याच मुठीत अडकला होता. आपण मला कंजूष म्हणालात.) वैद्यबुवांनी वात ठरवला, रुईचे पान बांधले आणि वांगी बंद केली. वांगी गेली, अंगठा तसाच.

आता खरे संकट सांगतो. आपण शेतकरी, म्हणून समजावून देतो: बाजारात आम्ही भाव तोंडाने बोलत नाही. रुमालाखाली हात धरायचा, बोटांनी बोलायचे, आणि अंगठा वाकवून समोरच्याच्या तळव्यात दाबला की सौदा पक्का. मग तो मोडणारा माणूस बाजारात उभा राहू शकत नाही. गेल्या महिन्यात चांदूर बाजारचा नत्थुजी आला होता. (तोच तो विधुर, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालणारा आणि कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवणारा.) कापसाचा सौदा झाला तरी त्याने हात सोडला नाही. हळूच म्हणाला, "मनकर्णाबाईसंग पाट लावाचा इचार हाये. मंजूर असन तं आंगठा दाबा."

माझ्या विधवा बहिणीचे दुसरे लग्न, आणि ते या पाणीवाल्याशी! मी तिरस्काराने हात ओढणार, तोच अंगठा टक् करून त्याच्या तळव्यात रुतला. निघेच ना. या शहाण्याने रुमाल दूर केला, साऱ्या दलालांना अंगठा दाखवला, आणि माझ्या डोळ्यांतले पाणी आनंदाचे आहे असे जाहीर केले.

मी हा सौदा नाकारला, म्हणून पौष पौर्णिमेला पंच बसणार आहेत. त्यांच्यासमोर अंगठा अडकवून दाखवीन, म्हणजे निकाल लागला, असे मी ठरवले होते. पण मनकर्णेला माझे दुःख बघवेना. "दादा, पयले आंगठा नीट कर. पंच का पयून चालले?" असे म्हणत तिने मला जर्राह अब्दुल रहीमकडे ढकलत नेले. हा जखमा कापणारा-शिवणारा गृहस्थ म्हणे, अंगठ्याची शीर म्हणजे पायजम्याची नाडी. ती मुळाशी एका नेफ्यातून जाते. नाडीला गाठ आली, नेफा आवळला, की अडकते. नाडी कापायची नाही, नुसता नेफा चिरायचा. (मी जन्मभर धोतर नेसणारा, आणि मला पायजम्याचे शास्त्र!) चार माणसांनी मला धरले. एवढीशी चीर, माझी आरोळी, आणि तो म्हणतो, "हालवा आता." हलवला. टक् नाही की काही नाही. मेल्याने उत्तम काम केले, हे लिहिताना माझा जीव जळतो. कारण पंचांना दाखवायला आता माझ्याकडे काहीच उरले नाही.

आपला आज्ञाधारक,
देवीदास

ता. क. : म्हणून विनंती की पंचांपुढे येऊन विड्याची साक्ष द्यावी. आपला शब्द कोणी मोडणार नाही. माझी बायको गेल्यापासून हे घर मनकर्णेवर उभे आहे, हेही सांगावे.

पुन्हा ता. क. : पत्र बंद करताना मनकर्णेला सांगितले की मामा साक्षीला येत आहेत. तिने थापत असलेली भाकरी तशीच ठेवली. "तुया आंगठा दोन मयने अडकला तं किती बोंबलला तू. मी नऊ वर्सं या चुलीपाशी अडकून हावो. मले कोनी इचारलं? त्या नत्थुजीनं इचारलं." मी पत्र बाजूला ठेवले. मग विचारले, जर्राहाकडे मला एवढ्या घाईने का नेलेस? ती पहिल्यांदाच खाली बघून हसली. नऊ वर्षांत मी तिला असे हसताना पाहिले नव्हते, मामा, आणि मला माझीच लाज वाटली.

साक्षीला येऊ नका. पाटाला या, आणि मामींना घेऊन या. अंगठा मोकळा झाला असला, तरी त्याला भाकरी थापता येत नाही.