तांबडा रुपया

४ नोव्हें., मंगळ.
अण्णांचा उजवा हात आज कोपरापर्यंत उचलला गेला. व्यायाम घ्यायला येणाऱ्या दादांना म्हणाले, "रविवारी जालन्याचे नाणीवाले सर येणारेत. माझा तांबडा रुपया बघायला." अर्धांगाचा झटका आल्यापासूनचं सगळ्यात लांब बोलणं.
जुना रुपया पांढऱ्या धातूचा असतो, हा तांब्याचा. 'टांकसाळीत चुकीची चकती पडली', अशी अण्णांच्या नाण्यांच्या वहीत नोंद आहे. अक्षर माझं. चुंबक लावलं होतं, चिकटलं नाही; वजनही बराबर सहा ग्रॅम. पण पांढऱ्याचंही तेवढंच भरतं, हे तेव्हा ध्यानात घेतलं नाही.

५, बुध.
आई देव घासत होती. सहज विचारलं, तांबडा रुपया अण्णांना कुठं सापडला?
"देवाच्या पैशातच होता की. समदे पैसे मी चिंच-मिठात टाकीत अस्ते, तांब्याच्या गडव्यासंग."
तारेची घासणी?
"ती बी तितंच. देवापुढं काळे पैसे ठिवायचे का?"
आंबटात गडव्याचं तांबं सुटून लोखंडी तारेमुळं रुपयावर चढलं असेल तर?

६, गुरु.
दुसरा जुना रुपया तसाच भिजत टाकला. चिंच, मीठ, गडवा, घासणी.

७, शुक्र.
तांबडा झाला. भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवले. फरक सापडत नाही.
यावरून अण्णांचा खोटा ठरत नाही. असं होऊ शकतं, एवढंच. कडेला कानस मारली तर कळेल. आत पांढरं निघालं तर आमच्या घरचाच प्रताप. तांबडंच निघालं तर खरा, आणि खऱ्याला मी कायमची जखम केलेली.
पाचवीत नाणं फ्रॉकला पुसलं म्हणून अण्णा दोन दिवस बोलले नव्हते. मग म्हणाले, "टांकसाळीत झाला तो दोष. बाहेर झाली ती इजा. आपुन इजा करायची न्हाई."

८, शनि.
सांगायला गेले. तोंडातून निघालं, सरांना पुढच्या महिन्यात बोलावू.
"काऊन? मी गेल्यावर का?" मग आईला, "कोटाला इस्त्री कर."

९, रवि., सकाळ
सगळं सांगितलं. अण्णांनी दाराकडं पाहिलं. मग, "आईला बोलली का?"
नाही.
"नको बोलू. जल्मभर देव घासती ती."
डाव्या हातानं रुपया माझ्याकडं सरकवला. "कानस आण."
तुम्हीच म्हणायचात ना, इजा...
"मंग सरांना काय सांगशील? वहीत अक्षर तुझं हे."
तोंड भिंतीकडं केलंय. "झालं की सांग."
सर दहाला येणार. पावणेदहा झालेत. नोंदीपुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, खोडलं, परत काढलं. कानस वहीवर आहे. रुपया अजून अखंड.
अण्णांनी आत्ताच विचारलं, "झालं का?"