वरच्या गावाला निघताना

किन्नौर, २५ जानेवारी १९७५

ती. अव्वाच्या पायांवर संगप्पाचं डोकं.

भवानी पेठेत रेडिओवर भूकंपाचं ऐकून घाबरली असशील. आमची सगळी पलटण सुखरूप हाय. जेवण येळेवर मिळतंय.

हितली दगडी घरं पार बसली. काल आमी ढिगाऱ्यातनं एक म्हातारी जिती काढली. ती माझा हात सोडंना. तिची लेक वरच्या गावात अडकलीय. जमीन अजून हलतीया, दरडी कोसळत्यात.

सायबांनी विचारलं, "वर कोण जातंय?" मी म्हनलं, "मी जातो." उद्या सकाळी निघतोय. तितनं टपाल येत न्हाय, तवा पत्राची वाट बघू नको.

तुझा गुडघा कसा हाय? तुझ्या सुनेला नववा लागला की. तिला ह्यातलं काही सांगू नको. बाळाचं नाव मात्र तुमीच ठेवा, माझ्यासाठी थांबू नका.

तुझा लेक,
संगप्पा