नाबांडा आजींचा पाय

न्खोटाकोटा

प्रिय आई,

तुझ्या तियामिकेचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

माझ्या दवाखान्यात नाबांडा आजी आल्या, त्यांचा पाय सडला होता. तो कापायला त्या नाहीच म्हणत होत्या. तापात बरळू लागल्या, तेव्हा त्यांचा मुलगा मला म्हणाला, "डॉक्टर, संमतीच्या कागदावर मी अंगठा देतो, उरकून टाका."

माझं मन होईना. औषधं देत, जीव मुठीत धरून मी थांबले. ताप उतरल्यावर विचारलं, "आजी, नको का म्हणता?"

"कापलेला पाय तुम्ही भट्टीत जाळता. मला तो नवऱ्याशेजारी पुरायचाय."

"मग घरी देऊ की!"

"आधी विचारायचंस ना, पोरी!"

पाय कापला, मुलाने तो वडिलांशेजारी पुरला. आजी आता पेज पितात, मुलावर खेकसतात.

आई, तुझ्या टाचेची जखम भरली का? खरं लिही.

तुझी लेक,
तियामिके