पुढचं डावं चाक

तीर्थरूप काका,

धाकट्या पुतण्याचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? काकूंचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळं बरं आहे, म्हणजे काळजीचं जे आहे ते तुमच्या कानावर आलेलंच असेल. गाडी दुरुस्त करत दिवसचे दिवस तुम्ही तिच्याखाली लोळलात आणि आजोबांनी किल्ली मात्र बाबांच्या हातात ठेवली, तेव्हापासून तुम्हा भावांची बोलचाल बंद आहे. म्हणून हे पत्र निव्वळ गाडीच्या दुरुस्तीबाबत आहे असं समजा. (बाबांना पत्राचा पत्ता नाही. आईला आहे, पण तिला काही माहीत नाही असं लिही म्हणाली.)

तर गाडी. ब्रेक दाबला की ती थरथरते. स्टिअरिंगला हुडहुडी भरते, काचा वाजतात, समोरचा कप्पा आपोआप उघडतो आणि त्यातली औषधं बाबांच्या मांडीवर पडतात. एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण दुखणं आता त्यांच्या हाडांत उतरलं आहे, दर आठवड्याला इस्पितळात न्यावं लागतं, आणि भाड्याच्या गाडीत पाय ठेवणार नाही असा त्यांचा हट्ट. (हट्टाचं मूळ तुम्हीच जाणता, एकाच घरात वाढलात.) प्रत्येक सिग्नलला ते समोरची कड घट्ट धरतात आणि डोळे मिटतात. ओरडत नाहीत, फक्त गाडीला शिव्या घालतात. मी तर ब्रेक लावायचंच टाळू लागलो होतो, त्यामुळे रस्त्यावर चारी बाजूंनी माझा उद्धार चालला होता.

आमचा मिस्त्री म्हणजे आत्मविश्वासाचं दुकान. आधी म्हणाला, टायर. टायर बदलले. मग म्हणाला, बेअरिंग. तीही बदलली. मग म्हणाला, ब्रेकची डिस्क वाकडी झाली आहे, शंभर टक्के. हे मात्र खरं निघालं. नव्या डिस्क बसवल्या आणि गाडी अलगद थांबू लागली. त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले आम्ही. महिना उलटतो न उलटतो तोच थरथर पुन्हा हजर. यावर तो म्हणाला, आता गाडीलाच तशी सवय लागली आहे. (मी काय बोललो ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.)

उलगडा झाला तो पंक्चरमुळे. पुढचं डावं चाक काढायला गेलो तर नट हलेनात. पान्याला लांब पाइप लावला, मी लोंबकळलो, मिस्त्री लोंबकळला. एक बोल्ट तुटला, बाकीचे कसेबसे सुटले. घाम पुसत त्याने विचारलं, हे आवळले कोणी? मी म्हटलं, तूच की. तो म्हणाला, मी माणूस आहे, क्रेन नाही. मग त्याने समजावलं, की नट असे जिवाच्या आकांताने आवळले, त्यातही एक जास्त, एक कमी, तर चाकामागची डिस्क वाकते, आणि मग ब्रेक दाबला की गाडी थरथरणारच.

घरी येऊन चौकशी लावली. गेल्या वर्षी उतारावर गाडीचं एक चाक निसटून आमच्याही पुढे निघून गेलं होतं. (हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल. भिंत आडवी आली म्हणून वाचलो.) तेव्हापासून निघण्याआधी मी सगळे नट आवळतो. माझ्या हातावर भरवसा नाही म्हणून माझ्यामागून बायको आवळते. आणि मी वर बाबांना कपडे घालत असताना आई खाली जाते, छताची कड धरते आणि पान्यावर उभी राहते, अख्ख्या वजनानिशी. तेही फक्त पुढच्या डाव्या चाकाशी, कारण त्या बाजूला बाबा बसतात. मी आधी पोट धरून हसलो. मग आईकडे पाहिलं. बाबांना बसणारे धक्के आमच्याच काळजीचे होते, आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं. त्या दिवशी ती जेवली नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा नव्या डिस्क बसवल्या. नट बेताने, सारखे आवळले. गाडी आता निमूट थांबते. बाबा इस्पितळापर्यंत चक्क झोपले. तेव्हा तुमच्या सल्ल्याची गरज उरली नाही, वाचायची उगाच तसदी दिली. काकूंना नमस्कार.

तुमचा,
बारक्या

ता. क. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना इथे आणायची गरज नाही. मी बावळटासारखं विचारलं, म्हणजे बरे झाले का? त्यांनी नुसता माझा खांदा धरला.

आणखी एक ता. क. परतताना फाटकाशी गाडी थांबली, जराही हलली नाही, तेव्हा बाबा म्हणाले, "त्याला कळव. ब्रेक नीट झालाय म्हणावं, येऊन चालवून बघ." त्याला म्हणजे कुणाला, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. काका, लवकर या. रोज संध्याकाळी ते आम्हाला खाली न्यायला लावतात आणि गाडीत आपल्या जागेवर बसून राहतात. काल सोबत म्हणून मी चालवायच्या जागेवर बसायला गेलो, तर म्हणाले, "तू नको."