न बोलावता जायचा दिवस

६ मार्च २०१६, रविवार

ठरलं! एप्रिलची तेवीस तारीख या वर्षी शनिवारी येतेय. स्तेर्योसच्या गॅरेजमधल्या ट्रॅक्टरवाल्या कॅलेंडरवर तीनदा बोट ठेवून खात्री केली. शनिवार-रविवार, दोन दिवस — व्होलोस!

तेवीस एप्रिल म्हणजे संत योर्गोसचा दिवस, म्हणजे तिथे राहणाऱ्या आमच्या गोगोताईच्या नावाचा दिवस. कागदोपत्री ती योर्गिया. पण पाळण्यापासून गोगोच. आणि नावाच्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही. दार उघडं असतं. ज्याला यायचं तो येतो, मिठाईचा डबा टेकवतो, ‘उदंड आयुष्य!’ म्हणतो, कॉफी पिऊन जातो. आलेल्याला कुणी हाकलत नाही. वैऱ्यालाही नाही.

मग सख्ख्या बहिणीला कसं हाकलेल?

नऊ वर्षं झाली आम्ही बोललो नाही त्याला.

९ मार्च, बुधवार

स्तेर्योसला सांगितलं, दोन दिवस व्होलोसला जाऊ या.

‘कशाला?’

‘समुद्र बघायला.’

‘आहे अजून तिथे?’ — हा एक आणि याचे विनोद!

मग तारीख ऐकली आणि चमचा खाली ठेवला. तीस वर्षांच्या संसारात नवरा बाकी काही शिकला नाही तरी बायकोच्या तारखा शिकतो. ‘गोगो?’ म्हणाला. मी ‘हं’ म्हटलं.

‘मग बसने जाऊ. मी त्सिपुरो पिणार. शुद्धीवर राहून मी काही तुमच्या दोघींच्या मध्ये बसणार नाही.’

म्हणजे होकार!

१४ मार्च, सोमवार

आजपासून मोठा उपवास — ईस्टरपर्यंत मटण, मासे, दूध-लोणी बंद. आमचं सगळं कार्दित्सा गाव पतंग घेऊन माळावर. मी तिळाचा हलवा आणि ऑलिव्ह घेऊन गेले. स्तेर्योसच्या मते उपवास म्हणजे मटणाऐवजी कोळंबी — ढीगभर!

बायका गप्पा मारत होत्या आणि मी मनात व्होलोसच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत होते. दुसरा मजला, डावीकडचं दार. त्या घरात आई शेवटची दोन वर्षं होती. ताईने तिला आंघोळ घातली, भरवलं, कूस बदलली. मी महिन्यातून एकदा जायचे, केस कापून द्यायचे, रडायचे आणि शेवटची बस गाठायचे.

आणि दफनानंतर, कॉफी-ब्रँडी चालू असताना, वीस माणसांसमोर मीच म्हणाले — ‘आई तुझ्या घरात सुकून गेली, ताई.’

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला त्या दिवशी लगामही नव्हता. ताईने कप उचलले आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून फोन उचलला नाही. दोन-तीन वर्षं मी केले, मग मीही सोडून दिलं. मलाही मान आहे म्हणे! काय करायचाय तो मान?

२० मार्च, रविवार

हॉटेल मिळालं, अगदी धक्क्यावर. बाईंना फोनवर विचारलं, खोलीतून समुद्र दिसतो ना? त्या म्हणाल्या, ‘दिसतो हो, पण जरा वाकावं लागतं.’ खरं बोलणारी बाई आवडली मला. घेतली खोली.

स्तेर्योसने यादी केलीय. एक — त्सिपुरो. दोन — बेटांवर जाणाऱ्या बोटी बघणे. तीन — परत त्सिपुरो. व्होलोसला नुसती छोटी बाटली मागायची. सोबतची बशी मालक पाठवेल ती. कधी ऑक्टोपस, कधी शिंपले. बाटली बदलली की बशी बदलते. ‘बायको आणि व्होलोसची बशी,’ स्तेर्योस म्हणाला, ‘निवडायची सोय नाही, समोर येईल त्याला छान म्हणायचं.’

आज त्याला मीच वाढते, म्हणून बोलतो. उद्या वाढणार नाही!

२५ मार्च, शुक्रवार

राष्ट्रीय सण. उपवासातही आज मासा चालतो, म्हणून खारवलेला मासा तळला, लसणाची चटणी वाटली. घरभर वास. दुपारी आरशासमोर उभी राहून तालीम केली.

‘ताई, उदंड आयुष्य.’ इथपर्यंत जमतं. पुढे ‘मी तेव्हा जे बोलले...’ आणि इथेच घोडं पेंड खातं. पण तिथे घर भरलेलं असेल. शेजारणी, चर्चमधल्या बायका, ट्रे फिरत असणार. त्या गर्दीत डबा द्यायचा, गालाला गाल लावायचा, कोपऱ्यातली खुर्ची पकडायची. पहिल्या दिवशी एवढं पुरे. ती ‘कॉफी कशी घेतेस?’ एवढं विचारेल ना! माहीत असूनही विचारेल. मला चालेल.

१२ एप्रिल, मंगळवार

माझ्या सलूनवर पाटी लावली — शनिवार २३, बंद. फ्रोसोकाकूंना हेअर डाय लावत होते, त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. ‘ईस्टरच्या आदल्या आठवड्यात दुकान बंद? मिना, डोकं ठिकाणावर आहे का? अख्खं गाव केस करून घेतं तेव्हा!’

‘समुद्र बघायला जातोय, काकू.’

‘समुद्र काय पळून चाललाय?’

खरं कारण कुणालाच सांगितलेलं नाही. काकूंना सांगितलं तर रात्रीच्या आत वेशीवरच्या पंपापर्यंत पोचेल. आणि ताईने दार लावलं तर तेही पोचेल.

२१ एप्रिल, गुरुवार

निळा ड्रेस. नको, फार सणासुदीचा वाटतो. राखाडी? आईच्या दफनाला तोच होता! शेवटी निळाच. मिठाई व्होलोसलाच घ्यायची, बसमध्ये भुगा होतो.

छान वाटतंय. उगाच गुणगुणतेय. स्तेर्योसने विचारलं, ‘नवरी कोण आहे?’

२२ एप्रिल, शुक्रवार

बॅग भरली. उपसली. परत भरली.

२३ एप्रिल, शनिवार

देवा, मला उचलून समुद्रात टाक!

सकाळी पोचलो. ऊन काय, पाणी काय, धक्क्यावर सायकली काय! अकराला मिठाईच्या दुकानात गेले. पिठीसाखरेत घोळलेली लोण्याची बिस्किटं मागितली, मोठा डबा, रिबन बांधून. दुकानदारीण विचारते, ‘घरात कुणी लाझारोस आहे वाटतं?’

‘नाही हो, योर्गिया.’

तिने रिबन हातातच धरली. ‘योर्गिया? उपवासात?’

तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेवीस तारीख मोठ्या उपवासात आली की संत योर्गोस पुढे सरकतो, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी जातो! पहिलीच्या वर्गातल्या पोराला ठाऊक असतं. मागची दोन वर्षं ईस्टर लवकर होता, सण तेवीसलाच राहिला, आणि मी आपली आकड्यांवर बोट ठेवून बसले. चाळीस दिवस उपवास करतेय, ईस्टर पहिल्या मेला हे तोंडपाठ, पाटी वाचून फ्रोसोकाकू ओरडल्या — तरी नाही! आज लाझारोसचा शनिवार. आज कुठल्याच योर्गियाचं दार उघडं नाही.

स्तेर्योस फुटपाथवर बसून हसला. डोळे पुसत म्हणाला, ‘चल, त्सिपुरो.’

मी म्हटलं, नाही. डबा घेतलाय, ड्रेस घातलाय. जाणार.

दुसरा मजला. बेल वाजवली. ताईने दार उघडलं — डोक्याला फडकं, हातात ब्रश. मागे सतरंज्या गुंडाळलेल्या, खुर्च्या टेबलावर पालथ्या. ईस्टरची साफसफाई. माणूस एकही नाही. ज्या गर्दीत मी लपणार होते ती गर्दीच नाही! केस पांढरे झालेत तिचे. आणि वाईट कापलेत, कुणी कापले कोण जाणे.

‘उदंड आयुष्य,’ मी म्हणाले. दुसरं काही सुचेचना!

तिने डब्याकडे पाहिलं. ‘लोण्याचं?’

‘हो.’

‘उपवासात?’

‘तारीख चुकले, ताई.’

तिचं तोंड जरासं हललं. हसू होतं का? शप्पथ, असावं. पण बाजूला झाली नाही, ये म्हणाली नाही. मग मात्र सगळी तालीम विसरून मी बोलून टाकलं, तिथेच, उंबऱ्याबाहेर. आईबद्दल बोलले ते चूक होतं. खोटं होतं. नऊ वर्षं मला ते टोचतंय.

ताईने ब्रश भिंतीला टेकवला. ‘वीस माणसांसमोर बोलली होतीस, मिने. आणि माफी जिन्यात मागतेस? इथे ऐकायला कोण आहे, मांजर?’

‘दोन तारखेला ये. तेव्हा लोक असतील.’ आणि डबा घेतला. दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही.

२४ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. आज मासे चालतात, त्यामुळे स्तेर्योसच्या भक्तीला ऊत आलाय. पाचव्या बाटलीला तळलेली सुरमई आली, सहाव्याला कालवं. बोटी बघितल्या. एक बेटावर निघाली, माणसं हात हलवत होती, मीही हलवला. कुणाला कोण जाणे.

मी म्हटलं, तिने मला आत घेतलं नाही.

तो म्हणाला, ‘घेतलं नाही. पण तारीख दिली ना? आणि ही बरोबर तारीख आहे, तुझ्यासारखी नाही.’

खरंच की! नको असते तर तारीख कशाला दिली असती?

वाकून समुद्र बघितला. दिसतो.

२८ एप्रिल, गुरुवार

अंडी लाल रंगवली. बोटंही लाल.

सलूनमध्ये उसंत नाही. कात्री चालते आणि डोक्यात एकच — वीस माणसं. तेव्हाचीच असतील त्यातली अर्धी. त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं की मी खोटं बोलले. लाज वाटते. पण गंमत अशी, भीती कमी झालीय. काय बोलायचं ते तरी आता पक्कं कळलंय. आणि ताईने नऊ वर्षं जे सोसलं ते मला एक दुपार सोसायला काय झालं?

दुपारी काकू कानाशी कुजबुजल्या, ‘परत व्होलोसला? आठवड्यात दोनदा? समुद्रातच कुणीतरी आहे तुझं!’

‘आहे,’ म्हटलं. ‘बहीण आहे.’

सांगून टाकलं. पोचू दे पंपापर्यंत.

१ मे, रविवार

ईस्टर. कोकरू छान झालं. स्तेर्योसने त्सिपुरोची बाटली उघडली नाही. ‘उद्या बस नाही मिळायची, गाडी मी चालवणार,’ म्हणाला आणि पाणी प्यायला. तीस वर्षांत या माणसाने मला फुलं आणली नाहीत. नकोतच मला आता.

२ मे, सोमवार

बोलले. अठरा माणसं होती. कप खाली ठेवला, उभी राहिले आणि सगळं बोलले — आई सुकली नाही, ताईने तिला दोन वर्षं तळहातावर झेललं, मी खोटं बोलले.

ताई हातात ट्रे घेऊन उभी. म्हणाली, ‘खोटं नव्हतं, मिने.’ सगळ्यांसमोर म्हणाली! शेवटचे महिने ती आईच्या उशाशी ताट ठेवायची आणि खोलीतून निघून यायची. थकली होती. आई खाते की नाही हे बघायला थांबायची नाही. ‘मला वाटलं, आई सुकली नाही हे तुझ्या तोंडून चारचौघांत ऐकलं की मलाही खरं वाटेल. नाही वाटलं.’

मी तिच्या हातातला ट्रे घेतला आणि पाहुण्यांना मीच मिठाई वाढली. स्तेर्योसला एकट्याला घरी पाठवलंय. मी इथे राहतेय.