वाळलेलं माप

प्रिय अण्णा,

या वेळी नोकरी मी सोडली नाही. तुम्ही म्हणालच, "एका जागी बूड टेकत नाही पोराचं!" पण आईशपथ, या वेळी त्यांनीच मला नको म्हटलं. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी तुमच्याशीच भांडतोय. काय करू? खोलीवरची तिघं पोरं शिफ्टला गेलीत. बोलावं तर कुणाशी?

दवाखान्यातून दातांची मापं घ्यायची आणि भोसरीच्या लॅबला पोचवायची, एवढंच माझं काम. आता संत तुकाराम नगरच्या डॉक्टर मॅडमनी मशीन आणलंय. टूथब्रशपेक्षा जराशी जाड कांडी तोंडात फिरवली की सगळे दात कॉम्प्युटरवर! माप घ्यायला दातांवर दाबायचा तो गुलाबी लगदा नाही, उमासे नाहीत. माप तिथूनच लॅबला जातं. वाकडच्या दवाखान्यातही तेच आलंय. मग माझी मोटरसायकल कशाला लागते? एक तारखेपासून येऊ नको म्हणाले.

तुमच्या कवळीचं माप घेताना त्या लगद्यानं तुम्हाला किती उमासे आले होते! मॅडमचा हातच धरून ठेवलात. बाहेर आल्यावर म्हणालात, "बैलाला नळ्यानं औषध पाजतात, तसं केलं की रे माझं!" मी रस्त्यात उभा राहून हसलो होतो.

आता खरं सांगतो. मॅडमनी तुमचं ते माप ओल्या कापडात गुंडाळून डब्यात दिलं आणि बजावलं, "अर्ध्या तासात पोचव. वाळलं की आकसतं." मी भोसरीला न जाता चाकणला गेलो. एका कंपनीत भरती आहे असं कळलं होतं. गेटवर रांगेत उभा राहिलो. दुपारचं ऊन, डबा गाडीला टांगलेला. दोन तासांनी उघडला, तर कापड कडक आणि मापाच्या कडा वळलेल्या. मी काय केलं? नळाखाली भिजवलं आणि लॅबला देऊन आलो. कुणापाशी बोललो नाही. आणि ती नोकरीही मिळाली नाही!

तुमची चार दातांची कवळी तशीच आली. घास चावला की उचलली जायची. मॅडम पुन्हा बोलवून थकल्या, तुम्ही गावाहून आलाच नाहीत. फोनवर विचारलं की तुमचं एकच, "बसतील हळूहळू." का नाही ओरडलात, अण्णा? ओरडला असतात, तर माझ्या तोंडून निघालं असतं. ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचात आणि पाहुणे आले की घालायचात, हे आईनं नंतर सांगितलं.

आई समजते, डॉक्टरनं फसवलं. तिचे पुढचे दोन दात गेले, दाढा दुखतात, तरी म्हणूनच इकडं दवाखान्यात यायला तयार नव्हती. भाकरी दुधात कुस्करून खाते. हे माझ्यापायी. परवा ते मशीन बघून आलो आणि तिला फोन लावला. सगळं सांगितलं.

मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं का?"

"नाही."

"बरं झालं. नाहीतर तुझीच बाजू घेऊन माझ्याशी भांडले असते." पुढं म्हणाली, "येते मी. पण माझं माप तुझ्या हातात द्यायचं नाही, सांगून ठेवते."

"आता कुणाच्याच हातात देत नाहीत गं."

हसली, अण्णा! किती महिन्यांनी ऐकलं तिचं हसणं. फोन ठेवल्यावर खोली आणखीच मोकळी वाटली.

शब्द देतो तुम्हाला. दुसरं काम बघीन, पण तिचे दात नीट बसेपर्यंत पिंपरी सोडणार नाही. दवाखान्यात बसवूनच भाकरी खायला लावीन, कोरडी. जरा हलले, तर ती लाजून गप्प राहिली तरी मी राहणार नाही.

तुमचा,
बाळू

आईला गाडीभाड्याचे आठशे रुपये आजच पाठवतोय.