साठ फुटांवरचं शेजारघर

चँडलर, ॲरिझोना

प्रिय मावशी,

सप्रेम जयभीम. खोकला गेला का? रात्री हळदीचं दूध घेतेस ना? मी ठणठणीत आहे. दोन्ही कोपरं सोलवटली आहेत, तेवढं सोडून.

तुला ठाऊकच आहे, चेंगडू शहर पसरताना त्याचे नवे रस्ते एकमेकांना मिळतात की नाही, यावर मी पीएचडी केली. (तू वस्तीत ‘आमचा अतुल चीनमध्ये रस्ते बांधतो’ असं सांगत फिरतेस, ते कृपया आवर.) नकाशावरच्या सरळ अंतराला भुलू नका, चालायची वाट मोजा, असं मी त्या प्रबंधात पानोपानी बजावलं आहे. आणि घर घेताना? दादाराव काका-काकूंचं घर नकाशावर साठ फुटांवर दिसलं, आपल्या नागपूरची माणसं पाठीला पाठ लावून मिळाली, म्हणून शहाण्याने लगेच सही केली. मध्ये सहा फुटी भिंत आहे आणि दोन्ही गल्ल्या पुढे बंद. रस्त्याने सव्वादोन मैल पडतात.

बुद्धपौर्णिमेला खीर केली (खरंच चांगली झाली होती). साठ फुटांसाठी गाडी काढायची मला लाज वाटली. शिडी लावून पातेल्यासकट भिंतीवर चढलो, आणि माझाच पाय लागून शिडी खाली गेली. पलीकडे काकांनी हौसेने लावलेले निवडुंग, आणि काकांकडे शिडी नाही. “अरे यार अतुल, ड्राइव्ह करून यायचं ना!” म्हणत ते गाडीने वळसा घालून माझ्या घरी पोचले, तर अंगणाचं फाटक मी आतून लावलेलं. मग ते शिडी मागत शेजाऱ्यांची दारं वाजवत फिरले. तोवर काकूंनी पातेलं उतरवून घेतलं होतं, आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलगी मैत्री खाली उभी राहून खीर खात म्हणाली, “अतुलदादा, इज धिस फॉर युअर रिसर्च?” मी हो म्हणालो. भर उन्हात पाऊण तास भिंतीवर बसलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

जपून राहा, बाकीच्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
अतुल

ता. क. ‘चालत जाऊन बोलायला कुणी असेल तरच येईन,’ ही तुझी अट होती, आणि काकू अगदी मागच्याच घरात आहेत असं मी तुला सांगून बसलोय. ते खोटं नाही. पण आता रागावून तिकीट कॅन्सल करू नकोस. मावशी, एकट्याने जेवायचा मला फार कंटाळा आलाय.

ता. क. २. काकांनी त्यांच्या बाजूलाही शिडी आणून ठेवली आहे. निघण्यापूर्वी गुडघ्याच्या डॉक्टरांना एवढंच विचार: सहा पायऱ्या चढून सहा उतरता येतील का? कशासाठी, ते सांगू नकोस.